कवितेवरचा दुसरा हात

नांदेड-लातूरकडच्या कविसंमेलनांत एक मत वारंवार ऐकू येतं: कविता एकटाकी उतरली पाहिजे, नंतर तिच्यात बदल केला की ती मरते. पुरावा म्हणून संतांचं नाव पुढे केलं जातं. त्यांनी कुठं खाडाखोड केली होती, असा सवाल येतो आणि चर्चा तिथंच थांबते. ती थांबू नये असं मला मनापासून वाटतं, कारण या मताच्या आडोशाला आमच्या भागातल्या कितीतरी चांगल्या कविता अर्ध्याकच्च्या राहिल्या आहेत.

संतांचाच दाखला घेऊ. ज्ञानेश्वरी 1290 सालची. पुढच्या तीनशे वर्षांत तिच्यात एवढे अपपाठ शिरले, की 1584 मध्ये पैठणला एकनाथांनी ती शुद्ध करून घेतली. वर बजावलं, की यात कुणी स्वतःची ओवी घुसडू नये. यावर प्रतिपक्ष म्हणेल, हे पाठशोधन झालं. कवीनं आपल्याच ओळी बदलणं वेगळं. हा फरक मला मान्य आहे. पण ज्या ग्रंथापुढं ते नतमस्तक होते, त्यालाच हात लावणं नाथांना पाप वाटलं नाही, भक्तीचाच भाग वाटलं, हे विसरता येत नाही. त्यांचा तो हात घुसलेलं काढणारा होता, भर घालणारा नव्हता. 1909 मध्ये इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी वेगळ्या पाठाची ज्ञानेश्वरी छापली आणि एकेका शब्दावरून अभ्यासकांचे वाद झडले. शब्द बदलल्यानं काही बिघडत किंवा सुधारत नसतं, तर हे वाद झालेच नसते.

परंपरा ज्यांचं नाव नांदेडशी जोडते, त्या वामन पंडितांनी गीता समश्लोकीतही आणली आणि यथार्थदीपिकेच्या विस्तीर्ण ओव्यांमध्येही. एकदा मराठीत उतरली म्हणजे काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही.

आता उलट बाजू. फेरलेखनानं कविता हमखास सुधारते, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. वर्ड्सवर्थनं आपलं दीर्घ आत्मकाव्य ‘द प्रेल्यूड’ 1805 मध्ये पूर्ण केलं आणि पुढं आयुष्यभर ते दुरुस्त करत राहिला. त्याच्या मृत्यूनंतर 1850 मध्ये छापलेल्या प्रतीपेक्षा 1805 चीच प्रत अनेक वाचकांना जिवंत वाटते. म्हाताऱ्या कवीनं तरुण कवीचं धाडस सावरून, सोज्वळ करून टाकलं. याउलट एलियटच्या ‘द वेस्ट लँड’चा जवळजवळ निम्मा मजकूर त्याचा कविमित्र एझरा पाउंडनं कापला आणि 1922 ची ती कविता उभी राहिली.

मग कसोटी कोणती? आपल्याकडचंच पाहू. एप्रिल 2016 मध्ये, दुष्काळात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. समजा, त्या दिवसांत एखाद्या मुलीनं वहीत लिहिलं: ‘आडात पाणी न्हाई, माय रांगंत उभी हाय.’ संमेलनाचं निमंत्रण आल्यावर तिनं ते बदललं: ‘तृषार्त धरणीच्या कंठी अमृताचा अभाव.’ हा बदल कवितेचं नुकसान करणारा आहे, कारण आड गेला, रांग गेली, माय गेली. आपली बोली व्यासपीठावर शोभणार नाही या धास्तीनं तो झाला. तीच मुलगी पुढचं सरकारला शिव्या देणारं कडवं काढून टाकते, टाळ्या त्याच कडव्याला पडणार हे ठाऊक असूनही, तेव्हा कविता नीट होते. राग आईच्या उभं राहण्यातच आला आहे, तो पुन्हा ओरडून सांगायची गरज नाही.

दोन्ही वेळा कवयित्री एकच, वहीही एकच. पहिल्यांदा तिनं सभागृहाकडं पाहिलं, दुसऱ्यांदा रांगेकडं. जो बदल कवीला अनुभवाच्या अधिक जवळ नेतो तो करावा, मग वीस वेळा करावा लागला तरी. लोकांच्या पसंतीकडं नेणारा बदल एकदाही करू नये. एकटाकीपणाचा अभिमान ही कसोटी लावूच देत नाही, म्हणून तो मला घातक वाटतो. समीक्षक नरहर कुरुंदकरांनी ज्या नांदेडात पीपल्स कॉलेजमध्ये शिकवलं, तिथं तरी कवितेची चिकित्सा म्हणजे कवितेचा अपमान असं कुणी मानू नये.

एक व्यवहाराची गोष्ट राहते. आज आमची मुलं मोबाइलवर कविता लिहितात आणि त्याच ओळींवर नव्या ओळी टाइप करतात. जुना पाठ कायमचा पुसला जातो. ‘द प्रेल्यूड’चा 1805 चा पाठ हस्तलिखितात उरला होता, म्हणून 1926 मध्ये तो छापता आला आणि कोणता बदल चुकला हे वाचकांना दिसलं. कॉलेजच्या नियतकालिकांच्या संपादकांना माझी विनंती आहे, की विद्यार्थ्यांकडून कवितेचा पहिला मसुदाही मागवा, आणि वर्षातून एखाद्या कवितेचे दोन्ही पाठ शेजारी-शेजारी छापा. कोणता बरा, यावर वर्गात भांडण होऊ द्या.