उतारासाठी पादत्राण

गेल्या वर्षी ज्येष्ठ संपता संपता माझ्या भाच्याने आजीसाठी बूट आणले. चांगले महाग, जाड आणि पायाखाली गादीसारखे दबणारे. आजी म्हणजे माझी आई, वय ७९. आमचे जुने घर डोंगराच्या अंगाला आहे आणि रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्याच्या ४२ पायऱ्यांची पाखाडी आहे. आईने ते बूट घालून पाखाडी चढून दाखवली, नातवाचे कौतुक केले आणि शेजारणींनाही बूट दाखवले. पाचव्या दिवशी फुले घेऊन खालच्या देवळात जायला निघाली, ती वरून आठव्या पायरीवर घसरली. पडताना हात मागे टेकला आणि मनगट मोडले.

प्लास्टर घालून घरी आणल्यावर ती एवढेच म्हणाली, “चढताना काहीच वाटलं नाही गो. उतरताना पायच सुटला.”

मी भौतिकोपचार करते. इतरांच्या आईवडिलांच्या पायांकडे रोज पाहते, पण घरात आलेल्या त्या बुटांचा तळवा मी उलटा करून पाहिला नव्हता. नंतर पाहिला. तळाला खाचा होत्या, पण फार उथळ. त्यांचा पदार्थही कठीण आणि गुळगुळीत होता. शिवाय गादी इतकी जाड की पायाखाली दगड आहे की शेवाळ, हे तळपायाला कळूच नये. सपाट, कोरड्या रस्त्यावर फिरण्यासाठी ते बूट उत्तम होते. आमच्या पाखाडीसाठी नव्हते.

भाचा डोंगर चढणारा आहे. हिमाचलात तो बर्फावर चालायला शिकला होता. झाल्या प्रकाराने ओशाळून त्याने मला तिथली एक गोष्ट सांगितली, आणि खरे तर आजच्या लेखाचा विषय तिथूनच निघाला. भुसभुशीत बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली रुंद जाळीसारखे पादत्राण बांधतात. शरीराचा भार मोठ्या जागेवर पसरतो आणि माणूस वरच्यावर चालतो. ते निवडताना माणसाचे आणि पाठीवरच्या ओझ्याचे वजन विचारतात. परंतु चढउतार तीव्र असेल तर नुसती रुंदी उपयोगाची नाही. उलट लांबरुंद पादत्राण उतारावर अडचणच करते. तिथे आखूड जोड घेतात आणि त्याखाली धातूचे दाते असावे लागतात, म्हणजे ते कडक बर्फात रुततात. भाच्याला तिथल्या वाटाड्याने पहिल्याच दिवशी बजावले होते की जोड उतरण्यासाठी निवडायचा, चढणे त्यात आपोआप निभते. “आणि आजीचे बूट मी चढण्यासाठी निवडले,” असे तो म्हणाला.

आपल्याकडे बर्फ नाही, पण शेवाळ आहे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जांभा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि पाऊस थांबला तरी वाळत नाही. (१८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन यांनी मलबारात याच दगडाला वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ असे नाव दिले, आम्ही मात्र त्याला चिरा म्हणतो आणि त्याचीच घरे बांधतो.) एरवी खडबडीत असलेला हा दगड श्रावणापर्यंत हिरवा आणि बुळबुळीत होतो. पाखाडी, विहिरीचा काठ, आगरातली पायवाट, लाकडी साकव, सगळीकडे तीच गत.

चढताना शरीर पुढे झुकलेले असते, पाऊल सपाट टेकते आणि घसरलो तरी हात समोरच्या पायरीवर पडतात. उतरताना एका पायाला सगळा भार धरून हळूहळू खाली सोडावा लागतो. हे काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचे, आणि वयानुसार नेमके तेच दुबळे होतात. टाच आधी टेकते, तिच्या इवल्या जागेवर सगळा भार येतो, आणि ती सुटली की माणूस मागे पडतो. मनगट, माकडहाड, खुबा, डोके; मार यांनाच बसतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल, तर वरून जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तेव्हा पावसाळी जोड घेताना पहिल्यांदा टाच पाहा. टाचेला पट्टा नसलेली चप्पल उतारावर पायातून पुढे निसटते. ती धरून ठेवण्यासाठी बोटे आवळावी लागतात आणि त्यातच तोल जातो. घरात वापरायची स्लिपर पाखाडीवर नकोच. मागे पट्टा, वर घट्ट करता येणारा बंद, टाच बुटकी आणि रुंद, एवढे हवे. सांधेदुखीने बोटे वाकत नसतील तर बकलापेक्षा चिकटपट्टीचा बंद बरा. तळ रबरी आणि खोल खाचांचा असावा आणि खाचा कडेपर्यंत उघड्या असाव्यात, म्हणजे पाणी व चिखल बाहेर निघून जातो. अंगठ्याने दाबल्यावर तळ किंचित दबला पाहिजे; नख मारून ‘टक’ असा आवाज आला तर तो कठीण प्लास्टिकचा, ओल्या दगडावर निरुपयोगी. तळ फार जाडही नको.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभरात पायांना सूज येते, सकाळी नीट बसलेला जोड रात्री चावतो. दोन्ही पाय उभे राहून मोजा, कारण दोन्ही सारखे असतीलच असे नाही; मोठ्या पायाचे माप घ्या. उतरताना पाऊल पुढे सरकते, म्हणून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा, नाहीतर नखे काळी पडतात. आणि दुकानदाराकडे थोडे पाणी मागा. ओल्या फरशीवर, कोणाचा तरी हात धरून, टाच टेकवून पाहा. दुकानदार हसेल, हसू द्या.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगते. हिरव्या, जाड शेवाळावर कोणतेच पादत्राण भरवशाचे नाही. काही वाचकांची मुले कॅनडा-अमेरिकेत असतात आणि तिथून बुटावर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे पाठवतात. ते बर्फासाठी आहेत. कठीण चिऱ्यावर आणि घरातल्या लादीवर तेच खिळे घसरतात. आपल्याला पाखाडीच घासावी लागेल. आमच्याकडे आता दर पंधरा दिवसांनी उघडीप पाहून खराट्याने आणि तारेच्या ब्रशने शेवाळ काढतात, ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकून काही वेळाने धुतात. त्यात फरशी धुण्याचे अॅसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. एका बाजूला बांबूचा कठडाही बांधला आहे. खर्च त्या बुटांपेक्षा कमी आला.

देवळांचा प्रश्न वेगळा. गणपतीपुळ्याला संपूर्ण टेकडीला प्रदक्षिणा असते आणि ती अनवाणी करण्याची रीत आहे. ज्यांच्या तळपायांना मधुमेहाने बधिरपणा आला आहे, त्यांना पायात खडा रुतला तरी कळत नाही. अशांनी पावसात प्रदक्षिणेचा आग्रह धरू नये, मंडपातून हात जोडावेत. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी करावी, नाहीतर चिखल्या होतात; आणि तळवा दिसत नसेल तर घरच्या कोणीतरी पाहावा. पायाला चीर असेल तर चिखलपाण्यात उघडा पाय घालू नये. लेप्टोची लागण अशाच वाटेने होते.

आता सोबत चालणाऱ्यांसाठी. उतरताना आपण एक पायरी खाली, किंचित आडवे उभे राहायचे, चढताना मागे. दंड ओढून धरू नका, आपला हात द्या आणि त्यांना धरू द्या. दुखरा पाय असेल तर उतरताना तो आधी खाली, चढताना धडका पाय आधी वर. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असावी. जोड घालून ताठ उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. तिचे रबरी बूच झिजले की लगेच बदला. छत्रीचा काठीसारखा उपयोग करू नये. तिचे धातूचे टोक चिऱ्यावर सरकते. पावसात छत्रीपेक्षा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात.

आणि चष्मा! बायफोकलचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. पायऱ्या उतरताना नजर त्यातूनच खाली जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. आईचा चष्मा तसाच होता, हे मला मनगट मोडल्यानंतर तीन आठवड्यांनी लक्षात आले. आता पाखाडीसाठी तिच्याकडे फक्त लांबचे दिसण्याचा वेगळा चष्मा आहे.

प्लास्टर निघाल्यावर माझ्या भावाने फर्मान काढले होते की आईने पावसाळाभर खाली उतरायचे नाही, फुले कोणीतरी नेऊन देईल. मलाही ते पटले होते. दीड महिना ती ओटीवर बसून राहिली. भिंत धरून उठू लागली, जेवण कमी झाले, आणि उठून उभी राहताना मांड्या थरथरू लागल्या. पडण्याच्या भीतीने घरी बसवलेल्या माणसाचे पाय अधिक दुबळे होतात आणि पडण्याचा धोका वाढतो, हे मी रुग्णांच्या मुलांना नेहमी सांगते. भाद्रपदात आम्ही फर्मान मागे घेतले. आधी खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणे-बसणे, मग कठडा धरून पाच पायऱ्या, मग दहा, असे करत ती नवरात्रात देवळापर्यंत पोहोचली.

यंदा वैशाखात ती आणि मी बाजारात गेलो. तिने चार जोड नाकारले. पाचवा उलटा करून नख मारून पाहिला, पायात घातला, चिकटपट्टी दोनदा काढून लावली आणि दुकानातल्या मुलाला म्हणाली, “बाळा, जरा पाण्याचा तांब्या आण रे. आणि हात दे.”