शाळेतले पुस्तक घरी येऊ द्या



या वेळी खत-औषध बाजूला ठेवू आणि गावच्या शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहू. पुष्कळ ठिकाणी त्याला कुलूप असते. पुस्तक फाटले, हरवले तर जाब कोणी द्यायचा, ही गुरुजींची भीती. ती खोटी नाही. परंतु कणगीतले बी वेळेवर पेरले नाही तर त्याला कीड लागते. कपाटातल्या पुस्तकाला वाळवी लागते आणि पोरांचे वाचायचे वय निघून जाते.

तुम्ही म्हणाल, गोष्टी वाचून पदरात काय पडणार? धडा परीक्षेपुरता वाचला जातो. आवडीचे पुस्तक पोर आपणहून वाचते आणि वाचनाला सरावते. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही, हेही बारीक अक्षरांत छापलेले असते. बाजार समितीच्या हिशोबपट्टीवर वजन आणि कपात लिहिलेली असते. हे समजून वाचणारे माणूस घरात असले तर नुकसान टळते.

आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 सालचे. याच नाशकात 2009 साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. 100 पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे द्यायची आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल करायची. वाचक पुस्तकापर्यंत येत नसेल तर पुस्तक त्याच्या दारी न्यायचे, एवढीच युक्ती. सातारा जिल्ह्यातल्या भिलार या स्ट्रॉबेरीच्या गावात तर 2017 पासून लोकांनी वाचकांसाठी आपल्या घरांत पुस्तके मांडली आहेत.

मग आपण काय करावे?

1. आठवड्यातला एक दिवस पुस्तक घरी नेण्याचा ठरवावा. नोंदवही वरच्या वर्गातल्या दोन मुलांनी सांभाळावी. गुरुजींचा भार हलका होईल.

2. शेजारच्या गावच्या शाळेशी दर तीन महिन्यांनी पन्नास पुस्तकांची अदलाबदल करावी. खर्च काही नाही.

3. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरे मोकळी आणि कपाट बंद, असे होऊ नये. सुट्टीआधी प्रत्येकाला दोन-तीन पुस्तके द्यावीत.

4. रात्री जेवणे झाली की पोराला मोठ्याने वाचायला सांगा. आजीही ऐकेल. पान फाटले तर मारू नका, खळीने चिकटवा. द्राक्षतोडणी नि कांदा काढणीच्या दिवसांतही वाचनाची ही अर्धी घटका मोडू नका.

हे मागणे म्हणजे कोणावर उपकार मागणे नव्हे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके हवीत. जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. म्हणजे समिती तुमचीच आहे. तेव्हा पुढच्या बैठकीला दोघेही जा आणि गुरुजींना आदराने विचारा, "कपाटाची किल्ली कोणाकडे आहे? पुस्तकांची काळजी आम्हीही घेऊ."