बिनपाण्याची हजामत

वाचकहो, आम्ही जातीने न्हावी आणि व्यसनाने बोलपटवाले. पहिली गोष्ट जन्माबरोबर आली, दुसरी जत्रेच्या तंबूत जडली. वडिलांनी दिवसभर बलुत्यावर गावाच्या दाढ्या कराव्यात आणि रात्री त्यांच्या चिरंजीवांनी कनातीखालून सरपटत तंबूत शिरावे, असा आमचा विद्याभ्यास झाला. तेव्हा कात्री कशी धरावी, कुठे लावावी आणि कुठे थांबावी, एवढे तरी आम्हाला कळते असे समजण्यास हरकत नाही. सेन्सॉर मंडळाने आता प्रमाणन मंडळ असे सोवळे नाव घेतले आहे, पण हातातले हत्यार तेच आहे. आणि २०२५ साली त्याने जी हजामत केली, ती बिनपाण्याची होती.

त्या एका सालात आम्ही चार हिंदी खेळ पदरचे पैसे मोडून पाहिले. पैकी ‘फुले’ या खेळाची हकीकत आधी सांगतो. अनंत महादेवन यांनी तो काढला. प्रतीक गांधी जोतीराव झाले आणि पत्रलेखा सावित्रीबाई. ११ एप्रिल रोजी, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीलाच, तो लागायचा होता. पण महाराष्ट्रातील काही ब्राह्मण संघटनांनी नुसती जाहिरात पाहूनच हाकाटी केली की, यात आमची बदनामी आहे! खेळ पाहिला नाही, गोष्ट ऐकली नाही, आणि पोटशूळ मात्र उठला. महादेवन बिचारे सांगत राहिले की, अहो, मी स्वतःच ब्राह्मण आहे. ऐकतो कोण? खेळ चौदा दिवस पुढे गेला आणि २५ एप्रिलला लागला.

मंडळाने तर त्याआधीच आपली कात्री पाजळून ठेवली होती. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द नकोत. मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख नको. झाडू बांधलेल्या माणसाचे दृश्य काढा आणि त्या जागी सावित्रीबाईंवर शेणगोळे फेकणारी पोरे दाखवा. ‘तीन हजार वर्षांची गुलामी’ म्हणू नका, ‘कित्येक वर्षांची’ म्हणा, अशा हुकमांच्या बातम्या सर्व वर्तमानपत्रांतून आल्या. वाचकहो, यातली मखलाशी पाहा. शेण चालते, झाडू चालत नाही! शेण फेकणारी पोरे म्हणजे गल्लीतली वात्रट कार्टी, दोन धपाटे घातले की प्रकरण मिटले. झाडू मात्र पोरांनी बांधलेला नव्हता. तो राज्याने बांधला होता, आणि म्हणून तो दिसता कामा नये.

आणि तो तीन हजारांचा आकडा! आमच्या गावात सावकारांच्या तीन पिढ्या झाल्या. त्यांच्या वहीत ‘बरेच रुपये येणे’ असे लिहिलेले आम्ही कधी पाहिले नाही. तिथे पै न् पै, तिथी-वारानिशी. कुळाने ‘बरेच दिले’ म्हटले तर सावकार वही आपटून विचारी, आकडा सांग! मग गुलामगिरीचा हिशेब निघाला की ‘कित्येक’ कसे चालते? आकडा जास्त वाटत असेल तर आपला आकडा मांडा, पुरावा द्या, वाद घाला. रक्कम खोडून तिथे ‘कित्येक’ लिहिणे याला आमच्याकडे हिशेब म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात.

आता कोणी शहाणा म्हणेल की, जातीची नावे घेतल्याने मने दुखावतात, त्या शब्दांची शिवी होते, म्हणून मंडळाने दयाबुद्धीने ते शब्द गाळावयास सांगितले. या दयाबुद्धीला आमचा एकच सवाल आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात एका मुलीचा निबंध छापून आला. मुलीचे नाव मुक्ता साळवे, जात मांग, शाळा जोतीराव-सावित्रीबाईंची. निबंधाचे नावच होते ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’. जोतीरावांनी हाती पाटी दिली तेव्हा त्या कोवळ्या पोरीने सर्वांत आधी जर काही केले असेल, तर आपल्या जातीचे नाव घेऊन तिचे दुःख चारचौघांत मांडले. ते नाव तिने शिवी म्हणून घेतले नाही. फिर्याद म्हणून घेतले. आणि एकशे सत्तर वर्षांनंतर, त्याच शाळेवरच्या खेळात, ते दोन शब्द चालत नाहीत! म्हणजे मुक्ता आज त्या पडद्यावर उभी राहिली तर तिला आपल्या निबंधाचे शीर्षकसुद्धा वाचता येणार नाही. शिवी शब्दात नसते हो, ती देणाऱ्याच्या तोंडात असते. मंडळाने तोंडे सोडली आणि शब्द धरला.

हा सारा मामला आम्हाला खोट्या पंचनाम्यासारखा वाटतो. मयत आहे, जखम आहे, काठी आहे. फक्त आरोपीच्या रकान्यात रेघ ओढलेली. प्रेक्षकाने हळहळावे, डोळे पुसावे आणि मारले कोणी हे न विचारता घरी जावे!

विशेष म्हणजे ही मिजास पूर्वी नव्हती. आचार्य अत्रे यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ हा मराठी बोलपट काढला. बाबुराव पेंढारकर जोतीराव, सुलोचनाबाई सावित्री. अत्रे जातीने ब्राह्मण, तरी त्यांनी तो काढला आणि सरकारने त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक दिले. त्या खेळाने कोणा ब्राह्मणाचा संसार उघड्यावर पडल्याचे ऐकिवात नाही. मग सत्तर वर्षांत कोणाचे कातडे पातळ झाले?

हिंदी बोलपटांची ही खोड मात्र जुनीच. १९३६ च्या ‘अछूत कन्या’त अस्पृश्य कोण, तर देविका राणीसारखी नाजूक बाई, शेवटी ती मरते आणि सगळे सुटतात. १९५९ च्या ‘सुजाता’त नूतनने काय काम केले आहे! आम्ही तो खेळ तीन वेळा पाहिला. पण त्या गरीब पोरीला घरात लेक म्हणवून घेण्यासाठी अखेर काय द्यावे लागते? रक्त. आजारी मालकिणीला हिचे रक्त चढले, तेव्हा कुठे मालकिणीच्या पोटी माया आली. २०१९ साली ‘आर्टिकल १५’ आला. त्यात मारलेल्या पोरी आमच्या, आणि तारणहार साहेब ब्राह्मण. दलित नायक त्यात होता, पण तो तोंडी लावण्यापुरता, आणि तोही मारला गेला. ‘झुंड’मध्ये (२०२२) नागराज मंजुळे यांनी अमिताभ बच्चनला बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडून उभा केला, तेव्हा मात्र आम्ही खुर्चीतून उठलो. ज्याच्या मारामारीवर आम्ही तंबूत शिट्ट्या मारल्या, त्याला त्या जागी पोहोचायला पन्नास वर्षे लागली.

आमच्या जातीचे म्हणाल तर ‘शोले’त एक हरीराम न्हावी आहे. एवढ्या मोठ्या खेळात आमचा एकच माणूस, आणि तो कोण? तुरुंगातला चुगलखोर!

आता ‘धडक’चा मासला पाहा. २०१६ साली ‘सैराट’ने महाराष्ट्र हलवला. तिथे गाव आमचे, बोली आमची, आणि पाटलाच्या पोरीचे व पारध्याच्या पोराचे नाते जातीसकट उघडे मांडलेले. मुंबईच्या धर्मा कंपनीने २०१८ साली त्याचा हिंदी ‘धडक’ केला. उदयपूरचे महाल आले, तलाव आले, झुळझुळीत कपडे आले; जात मात्र वाटेत कुठे गळून पडली. कंपनीचे नाव धर्मा; तिला जातीची अडचण व्हावी हे तसे ओघानेच आले.

सात वर्षांनी त्याच कंपनीने ‘धडक २’ काढला. हा मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ खेळावर बेतलेला, दिग्दर्शन शाझिया इक्बाल यांचे. यात नायकच दलित: भोपाळच्या कायद्याच्या कॉलेजात शिकणारा नीलेश अहिरवार. हा बदल आम्हाला मनापासून आवडला. त्याचा बाप बाईच्या वेशात नाचणारा कलावंत आहे. त्या बापाची कॉलेजात जी विटंबना होते, ती पाहताना आमच्या शेजारच्या दोन पोरी रडू लागल्या, आणि आमचीही स्थिती काही निराळी नव्हती. पण नायकाच्या तोंडाला काळा रंग फासण्याची अक्कल कोणाची? दलित म्हटला की काळा, हा हिशेब कुठल्या स्मृतीत आहे? आणि मंडळाची कात्री इथेही हजर. इथेही तीन हजार वर्षांचा आकडा होता आणि इथेही तो उडवला गेला. त्या आकड्याशी या लोकांचे काही जुने वैर दिसते.

‘होमबाउंड’ सर्वांत शेवटी आला, सप्टेंबरात. कंपनी तीच, आणि मौज अशी की २०१८ च्या ‘धडक’मधली जोडी, ईशान खट्टर व जान्हवी कपूर, यातही आहे. पण खेळ नीरज घेवान यांचा. हा हैदराबादेत वाढलेला मराठी माणूस, आपण दलित असल्याचे जगापुढे सांगून या धंद्यात उभा राहिलेला. माणूस बदलला की खेळ कसा बदलतो पाहा. दोन मित्र, चंदन वाल्मीकी आणि शोएब. दोघांना पोलीस शिपाई व्हायचे आहे, कारण अंगावर वर्दी चढली की जात नि धर्म विचारायची कोणाची छाती होणार नाही, अशी त्यांची भाबडी समजूत. चंदनची आई शाळेत मुलांचे जेवण रांधायला लागते, तर लोक पोरांना तिच्या हातचे खाऊ देत नाहीत. आणि चंदन नोकरीच्या अर्जावर राखीव जागेचा हक्क सोडून खुल्या वर्गात नाव घालतो. जात कळू नये म्हणून! पुढे सुरतेची गिरणी, २०२० ची टाळेबंदी, आणि भर रस्त्यात मित्राच्या मांडीवर मरण. यातलाही काही भाग मंडळाने कापलाच. पण उरला तो इतका खरा आहे की कात्रीची धार बोथट व्हावी.

इथवर दुसऱ्यांची झाली, आता घरची. ‘छावा’ लागला तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर भरभरून लोक आले. विकी कौशलने संभाजीराजे उभे केले, आमच्याही अंगावर शहारे आले, खोटे कशाला बोला. त्या खेळाने पाचशे कोटींचा पल्ला ओलांडला. दोन महिन्यांनी त्याच थिएटरात ‘फुले’ लागला. आम्ही डोकी मोजली: अकरा, त्यात दोन तिकीटवाल्याची पोरे. कोठे गेले ते ट्रॅक्टर? १८६९ साली छत्रपतींचा पोवाडा रचणारा हा माळी, पण त्याच्या खेळाला माळी आळीतूनही कोणी आले नाही. चौकात पुतळ्याला हार घालायला मात्र सारे हजर! ब्राह्मण संघटनांनी हाकाटी केली म्हणून आपण चिडलो. अहो, त्यांनी निदान दखल तरी घेतली. आपण तर तेवढीही घेतली नाही.

आणि कात्रीचे म्हणाल तर ती आमच्याही हाती आहे. २००९ साली इरफान खानने ‘बिल्लू बार्बर’मध्ये न्हाव्याचे काम केले. गरीब, मानी, मित्राच्या दौलतीला न भुलणारा न्हावी. हरीरामानंतर प्रथमच आमच्या वाट्याला धड माणूस आला! तर आमच्याच सलूनवाल्या बांधवांनी ओरड केली की ‘बार्बर’ शब्दाने आमचा अपमान होतो. शाहरुख खानने शब्द काढून टाकला, फलकांवर नुसता ‘बिल्लू’ राहिला. ज्या धंद्यातल्या लोकांनी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाकेला ओ देऊन मुंबईत विधवांचे केस न कापण्याचा निर्धार केला, त्यांनाच आपल्या धंद्याच्या नावाची लाज वाटावी! त्या दिवशी आम्हीही पेढे वाटणाऱ्यांत होतो. आज लिहिताना शरम वाटते.

‘होमबाउंड’ पाहायला आमचा पुतण्या बरोबर होता. पुण्यात नोकरीला आहे, इंजिनियर झाला आहे. खेळ सुटला तरी तो उठेना. बाहेर चहाच्या गाडीवर आला तेव्हा म्हणाला, “काका, मी खोली घेतली तेव्हा मालकाला आडनाव सांगितले नाही. माझे नाव आणि दादांचे नाव, एवढेच सांगितले. तीन वर्षे झाली.”

आम्ही विचारले, “आणि दारावरच्या पाटीवर?”

“तिथेही तेवढेच,” तो म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून गाडी काढायला गेला.