बाटली आडवी झाली, माणूस उभा कोण करणार?

मंडळी, दारूबंदीच्या मतदानात निम्म्याहून जास्त बायांनी बाटली आडवी केली की गावात गुलाल उधळतो. त्या बायांना सलामच! पण पिणारा थांबतो का? तो शेजारच्या गावात जातो, नाहीतर हातभट्टीवर. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला बंदी आली, २०२१ मध्ये उठवली. मधल्या काळात चोरटी दारू जोरातच होती.

बाटलीच्या आधी मनात काहीतरी सलत असतं. कर्ज, अपमान, गेलेलं पोर. "पुरुष असून रडतोस काय?" हे लहानपणापासून ऐकलेला माणूस रडत नाही, पितो. आपण त्याला बेवडा म्हणतो, मग ती लाज बुडवायला तो अजून पितो.

१९८६ साली पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे औषधासोबत बोलणं असतं, गटात बसणं असतं, घरच्यांनाही सोबत घेतात. नुसत्या शपथा घालून आणि मारून व्यसन सुटत नाही.

दारूच्या करातून सरकार वर्षाला हजारो कोटी कमावतं. त्यातलेच पैसे घालून प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीचा समुपदेशक कायमचा बसवा, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा. बघू, कोण विरोध करतंय!