गोळी पोटात, जंत मातीत

जंतनाशक दिनी दिग्रस तालुक्यातील शाळा व अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. १० फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेली ही राष्ट्रीय मोहीम १ ते १९ वर्षे वयोगटासाठी आहे. ती उपयुक्त आहेच. मात्र जंत हे केवळ लहान मुलांचे दुखणे, हा समज यवतमाळच्या कापूसपट्ट्याला परवडणारा नाही.

जंतांपैकी अंकुशकृमी प्रामुख्याने पायातून शिरतो. उघड्यावरील विष्ठेतील अंडी ओलसर, सावलीच्या मातीत फुटतात. आठवडाभरात तयार झालेल्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतून रक्तात, तेथून फुफ्फुसांत, घशात आणि अखेर लहान आतड्यात पोहोचतात. आतड्याला चिकटलेला एक कृमी दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त गमावण्यास कारणीभूत ठरतो. असे शेकडो कृमी असले, तर हिशेब गंभीर होतो.

पायाला खाज, खोकला, पोटदुखी ही आरंभीची लक्षणे. अनेकदा तीही दिसत नाहीत. पुढे थकवा, धाप, फिकटपणा, क्वचित माती खाण्याची इच्छा, अशी रक्तक्षयाची चिन्हे उमटतात. कापूस वेचून दमलेल्या स्त्रीला हा शीण कष्टाचाच वाटतो आणि दुखणे अंगावर काढले जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४.२ टक्क्यांवर गेले. याचे सारे खापर जंतांवर फोडता येणार नाही. सकस आहाराचा अभाव हे मोठे कारण आहेच. परंतु पोटात अंकुशकृमी असताना नुसत्या लोहाच्या गोळ्या देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

गर्भवतीला दुसऱ्या तिमाहीत जंतनाशक गोळी मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये, जेथे संसर्गाचे प्रमाण २० टक्के वा अधिक आहे तेथे प्रजननक्षम वयाच्या इतर स्त्रियांनाही ती देण्याची शिफारस केली. शाळा-अंगणवाडीच्या यादीत मात्र शेतमजूर स्त्री नसते.

शिवाय गोळी आतड्यातील जंत मारते, मातीतील नव्हे. पुन्हा संसर्ग होतोच. २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त घोषित झाला; पण घरचे शौचालय दिवसभर शेतात राबणाऱ्यांच्या कामी येत नाही. शेताजवळ शौचालयाची सोय, पायात चप्पल आणि अशक्त स्त्रियांची रक्त व मल तपासणी यांची जोड मिळाली, तरच गोळीचे मोल टिकेल.