शनिवारची संध्याकाळ

यहूदी परंपरेत दिवस सूर्यास्तापासून मोजतात. जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांनी तीच रीत पुढे नेली आणि रविवारची सुरुवात शनिवारच्या सांजप्रार्थनेने केली. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. इस्त्रीचे कपडे, मुलांचे बूट, दानाचं पाकीट आपण रात्रीच काढून ठेवतो; मनाकडे वळतो ते बाकावर बसल्यावर, पहिलं गीत अर्धं झाल्यावर.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू वेदीपाशी पोचलेल्या माणसालाही थांबवतो. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असं सांगतो. म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं शल्यसुद्धा आपल्या तयारीचा भाग! प्रभुभोजनाच्या रविवारी तर हे अधिकच लागू. करिंथच्या मंडळीत काही जण भरपेट जेवत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलाने त्यांना कडक शब्दांत आत्मपरीक्षण करायला सांगितलं होतं.

या शनिवारी उद्याचा शास्त्रपाठ घरात मोठ्याने वाचा. मंडळीतल्या ज्या माणसाशी बोलणं थांबलंय, त्याला संध्याकाळीच फोन करा. पायरीवर भेट होईल, याची वाट पाहू नका.