व्हय म्हाराजा!

कुडाळ तालुक्यातलं वालावल लक्ष्मीनारायणाच्या देवळासाठी आणि त्यालगतच्या तळ्यासाठी ओळखलं जातं. या अंकात मात्र आम्ही घरांच्या आत डोकावलो आहोत. या पट्ट्यात चुली वेगळ्या झाल्या, जमिनीचे वाद कोर्टात गेले, तरी भावकीचा गणपती बहुधा मूळ घरातच बसतो. तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. तरी मुंबईचा चाकरमानी वर्षाची रजा त्याच दिवसांसाठी राखतो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटवी, म्हणजे गणपतीच्या वरची लाकडी चौकट, बांधायची. तिला कवंडळं, हरणाची फुलं, शेरवडं, आंब्याचे टाळे, शिपटासकट सुपाऱ्या, असोले नारळ. रानात काय कुठे मिळतं, हे थोरला धाकट्याला चालता चालता दाखवतो. अबोला धरलेले भाऊसुद्धा, एक शिडीवर आणि एक खाली, ‘जरा डावीकडे घे’ एवढं तरी बोलतातच. मग चतुर्थीला वडीलधारा गणपतीपुढे गाऱ्हाणं घालतो. परदेशी गेलेली नात, अडलेलं लग्न, आजारी गाय, सगळ्यांची आठवण त्यात निघते आणि मागे उभे असलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. घराची खरी हजेरी लागते ती तिथे.

एक गोष्ट मात्र खटकते. पहाटेपासून मोदक वळणाऱ्या बायका गाऱ्हाण्याच्या वेळी मागेच उभ्या असतात. घरच्या थोरल्या बाईनेही गाऱ्हाणं घालावं, असं आम्हाला मनापासून वाटतं. यंदा तुमच्या घरी आजीने, आईने, काकीने ते घातलं, तर त्यांचे शब्द आम्हाला जरूर लिहून पाठवा.